साळूबाईचं मुलकीपण

"साळे, हे पत्र पोचलं की तव्यावरची भाकरी तव्यावर ठेवून निघ. मुलींच्या सरकारी शाळेत जागा निघाली आहे. तुला उर्दू येतं, मराठी येतं, सातवी पास आहेस. आणखी काय हवं? विचार करत बसू नकोस, तुझी ती जुनी खोड आहे. — पद्मजा."

आणखी काय हवं होतं, ते साळूबाईला औरंगाबादेत या मैत्रिणीकडं उतरल्यावर कळलं. मुलकीपणाचा दाखला. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरी मुलकी माणसाला, म्हणजे राज्याच्या रहिवाशाला. साळू सोयगावची, बापजाद्यांपासून मुलकी. पण सोयगावच्या लेकी पिढ्यान्‌पिढ्या पलीकडं खानदेशात दिल्या जातात. सोयरीक जुळवताना हद्द कोण बघतं? पलीकडं इंग्रजांचं राज्य. साळूला पाचोऱ्याकडं दिली, अक्षता पडल्या, आणि त्याच घटकेला कायद्यानं ती परकी झाली. हे तिला कुणी सांगितलंही नाही. बाईचं असंच असतं, तिच्याबद्दलचं सगळ्यांत शेवटी तिला कळतं. सहा वर्षांत नवरा तापानं गेला आणि ती भावाकडं, कडूबाकडं परत आली.

कचेरीतले मुन्शी दाऊदसाहेब भले गृहस्थ. म्हणाले, "बेटी, बेवा होऊन कायमची परत आलीस तर मुलकीपण परत मिळतं. एवढंच लिहून दे, की आता सोयगावच माझं घर, पलीकडं माझं काही नाही."

साळूनं लेखणी उचलली आणि खाली ठेवली. नवऱ्याच्या दहाव्याला, भावकीसमोर, तिनं सासूच्या मांडीवर हात ठेवून शब्द दिला होता. मनकर्णाबाईला मागंपुढं कुणी नव्हतं. "शेवटचं पाणी तुमच्या तोंडात मीच घालीन. हे घर माझंच हाय."

"पलीकडं सासू हाय, साहेब."

"असू दे की. कागदाला काय कळतंय?"

"मला कळतंय नं."

बाहेर आल्यावर पद्मजा कडाडली, "अगं, सासूला वाचता येतं का? कोण सांगणार तिला?"

"तू हायेस की, पद्मे. तुझ्या पोटात कधी काही राहिलंय व्हय?"

दाऊदसाहेबांनीच मग तोड काढली. नवा मजकूर सांगितला: कायम मुक्काम सोयगाव, सासू हयात असल्यानं सेवेपुरतं जाणं-येणं. सही करून शुक्रवारपर्यंत आणा, मी स्वतः पुढं करतो, म्हणाले. साळूनं पद्मजाच्या घरी बसून कागद लिहिला. तेवढ्यात कडूबाचा निरोप आला, सासूनं अंथरूण धरलंय. मोटारीत चढता चढता तिनं घडी केलेला कागद पद्मजाच्या हातात कोंबला. "दाऊदसाहेबांच्याच हाती दे. माझा सलाम सांग."

पद्मजानं घरी येऊन घडी उघडली. सहीच्या वर साळूनं आपल्या मनानं एक ओळ घातली होती: सासूबाई गेल्यावरही तिथला दिवा मीच लावणार. पद्मजाचं डोकं फिरलं. ही बाई आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणार! असला कागद नेण्यात अर्थ नाही. चार दिवसांत येईलच, मग समोर बसवून नीट लिहून घेऊ.

चार दिवसांत कुणी आलं नाही. मनकर्णाबाई वर्षभर अंथरुणाला खिळली होती. जागा दुसरीला मिळाली. पुढं इंग्रज गेले, आणि साळूनं सासूच्या तोंडात पाणी घातलं तेव्हा हद्दीवर नाकेबंदी होती. रझाकारांच्या धाकानं माणसं गाठोडी घेऊन सोयगावाकडून पलीकडं पळत होती. साळू सासूच्याच घरी राहिली, आल्यागेल्याला भाकरी करून घालत. पळून आलेल्यांच्या छावणीत धान्य वाटणाऱ्यांनी नाव मांडायला विचारलं, "तुम्ही निर्वासित की इथल्या?" तिनं नुसतं पातेलं पुढं केलं. त्या उन्हाळ्यात पटकीनं साळू गेली.

दाऊदसाहेब पद्मजाला त्याआधी एकदा रस्त्यात भेटले होते. "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत थांबलो होतो मी," म्हणाले. तिनं त्या जादा ओळीचं सांगितलं. ते हसले. "ती तर मी वाचलीच नसती. काय लिहिलंय ते बघायचं वय राहिलंय का माझं?"

कचेरी पद्मजाच्या दारापासून दहा मिनिटांवर होती. साहेब छत्री टेकत निघून गेले, आणि साळूचा सलामही तिनं त्यांना सांगितला नाही.