वरातीची घोडी

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात करडी गावचा एक घोडीवाला येतो. सगळा जन्म वरातींत गेल्यामुळे तो बँडच्या वरताण ओरडूनच बोलतो. परवा डॉक्टरांनी त्याच्या घोडीच्या दुखऱ्या पायाला ठोके देऊन दुखणं कमी करणारं शॉकवेव्हचं मशीन लावलं. मशीन ठेक्यात टकटक करू लागताच ती त्याच पायावर नाचायला लागली. डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन काढलं.

"सुई कायले, साहेब? तिले वाटून राहिलं वरात निघाली."

मग त्यानं तिच्या कानाशी मंगलाष्टक धरलं. मंगलाष्टक लागलं की वरातीच्या घोडीचं काम संपतं. ती निमूट उभी राहिली. त्याचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

शेवटच्या 'सावधान'ला मशीन थांबलं. तिच्यासाठी आणलेले चणे मी तिच्यावर अक्षतांसारखे टाकले. डॉक्टरांनीही टाकायला मूठभर मागून घेतले.