टाकीवरचे गंगारामतात्या

मोटारसायकलला किक मारताना नडगीचं हाड मोडलं, असा माणूस आमच्या निरवांगी गावानं गंगारामतात्यांच्या रूपानं पहिल्यांदाच पाहिला. साल चौऱ्याण्णव. गावानं लगेच निकाल देऊन टाकला, तात्या प्यायले असणार. पंचशील घेतल्यापासून ज्या माणसानं दारूचा थेंब तोंडाला लावला नाही, त्याच्याबद्दल हे बोलणं! माझं डोकंच फिरलं.

तात्या आणि मी बारामती एमआयडीसीत एकाच शेडमध्ये कामाला. नट-बोल्ट गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर कॅडमियम नावाच्या धातूचा मुलामा चढवायचा. टाकीत त्याची तपकिरी पावडर ओतायचं काम तात्यांचं, कारण ते सर्वांत जुने. मधल्या सुट्टीत मालकाकडून गूळ यायचा. गुळानं पोटात गेलेली धूळ निघून जाते, असं आम्ही सगळेच मानायचो. तात्या त्याच माखलेल्या हातांनी ढेप फोडायचे आणि मायेनं एकेकाच्या हातावर खडा ठेवायचे. विषावर उतारा म्हणून आम्ही विषच चघळत होतो.

डॉक्टरांनी लघवी तपासून सरळ सांगितलं. ही पावडर वर्षानुवर्षं मूत्रपिंडात साठत गेली, मूत्रपिंड नासलं. हाडांना लागतं ते सगळं लघवीवाटे वाहून गेलं आणि हाडं ठिसूळ झाली. जे गेलं ते परत येणार नाही, पण शेडमधल्या बाकीच्यांना वेळेवर तपासा. तात्यांच्या पत्नी विजयमालाबाई तिथंच रडल्या. तात्या कारखान्यावर भडकले.

दोन दिवसांनी मॅनेजर सफरचंदं घेऊन घरी आला. गाडीवरून पडलो म्हणा, बसून करायचं वॉचमनचं काम देतो, फक्त तपासणीचं कुणापाशी बोलू नका, असा त्याचा गोड सूर. घर कसं चालवायचं, ही काळजी विजयमालाबाईंच्या तोंडावर दिसत होती. तरी त्यांनीच सफरचंदांची पिशवी उचलून मॅनेजरच्या हातात परत दिली.

दुसऱ्या दिवशी प्लास्टर घातलेल्या पायानं तात्या टेम्पोतून कारखान्याच्या गेटवर उतरले. शिफ्ट सुरू व्हायची होती. त्यांनी डॉक्टरांचं बोलणं सगळ्यांना ऐकवलं.

"माझ्याच हातानं तुमाला गुळातनं हे इख खाऊ घातलंय," तात्या म्हणाले. "आज तपासून घेतल्याबिगर कुणी आत जायाचं न्हाय."

मॅनेजर धावत आला. तपासायला जो जाईल त्यानं परत कामावर येऊ नये, म्हणाला. लेकरंबाळं सगळ्यांनाच होती.

तात्या कुबडीवर भार देऊन त्याच्यासमोर उभे राहिले. "पोटाची भीती कुणाला दाखवताय? पोटातच इख घातलंय तुमी आमच्या."

मी गाडी दवाखान्याच्या रस्त्याला वळवली. मागोमाग शेडमधल्याच कुंडलिकनं वळवली, मग सगळ्यांनीच. आता टाकीत पावडर कोण ओतणार, म्हणून मॅनेजर मागून ओरडत होता.

"शेठला बोलवा," तात्या म्हणाले. "त्यांची हाडं अजून चांगली हाईत."