घराची पाठ

"तूच सांगितलं असणार त्याला! न्हाईतर माणूस भर पावसात आला, पाणी प्यायला न्हाई, पुढचं गेट बघितलं न्हाई, झोपाळा बघितला न्हाई, सरळ मागल्या दारी कसा गेला?"

आदेशनं कप असा आदळला की अर्धा चहा बशीत आला.

"मी काही सांगितलं नाही," तेजस्विनी म्हणाली. ती मुलांच्या डब्यात चपात्या भरत होती. "आमच्या ऑफिसचे राजरत्न सर विम्यासाठी कुठलंही घर बघायला गेले तरी आधी मागंच जातात. मीपण तेच करते. घराचं तोंड सगळेच धुवून ठेवतात."

"ऐकलं का, आई? आपल्या घराचं नुसतं तोंड धुतल्यालं हाय. बाकी सगळी घाण."

"मी असं म्हटलं का?"

"मंग कसं म्हणलीस? सांग की. पगारी बाई तू, गावची घरं पास-नापास करत फिरतीस. घरचं एक पास करता येईना?"

ठकूबाई उंबऱ्याशी कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "येतंय रे करता. करायचंच नसलं मंजी काय करणार?"

सकाळीच आदेशच्या फोनवर विमा कंपनीचा निरोप आला होता. घरामागं उभा कापलेला डोंगर आहे, त्याला टेकलेली भिंत फुगलेली आहे, सबब या इमारतीचा विमा घेता येणार नाही. निरोप वाचल्यापासून आदेश बोलत होता आणि पाऊस पडत होता, आणि दोघांपैकी कोणाचीही थांबायची चिन्हं नव्हती.

विम्यावाचून आदेशचं अडलं होतं ते असं. चाकणच्या कंपनीतली नोकरी सोडून त्यानं डिंगोऱ्यातल्या या बंगल्यात पर्यटकांसाठी खोल्या केल्या होत्या. माळशेजच्या पावसाला येणारी माणसं रस्त्यावरूनच जातात, ती आपल्याकडं थांबवायची. डोंगर दिसावा म्हणून खोल्या मागच्या बाजूला काढल्या. पाहुणे पाठवणाऱ्या पुण्यातल्या लोकांनी एकच अट घातली, इमारतीचा विमा पाहिजे. विमा काय, होऊन जाईल, बायको त्यातलीच आहे, असं त्यानं सांगून टाकलं होतं. शनिवारी पहिले पाहुणे यायचे होते.

बायको त्यातलीच होती, हे खरं. आळेफाट्याला एका लहानशा ऑफिसात तेजस्विनी काम करायची. कुठल्याही इमारतीचा विमा घेण्याआधी कंपनीच्या वतीनं कोणीतरी जाऊन बघून यावं लागतं, पूर येईल का, दरड येईल का, वारा छप्पर नेईल का, वीज पडेल का. ते बघणारी ती. निर्णय पुण्यात बसलेली माणसं घेत. तिनं डिप्लोमा केला होता बांधकामातला, पण लग्नानंतर बरीच वर्षं त्या कागदाचा उपयोग मुलांच्या वह्यांना कव्हर घालण्यापलीकडं झाला नव्हता. लेक समृद्धी बालवाडीत जायला लागली तेव्हा ती कामाला लागली. स्कूटर, रेनकोट, पिशवीत टेप, ओळंबा, बॅटरी आणि बिस्किटांचा पुडा. बिस्किटं कुत्र्यांसाठी. कुत्री मागल्या दारी बांधलेली असतात आणि तिला मागंच जायचं असतं.

या कामात तिनं स्वतःपुरती एक रीत बसवली होती. पाणी कुठवर येतं हे घरातल्या पुरुषाला विचारायचं नाही. पुरुष सांगतात, "आमच्यात पाणी येतच न्हाई, मॅडम, लई सेफ जागा." मग ती म्हातारीला गाठायची. म्हातारी भिंतीला हात लावून दाखवायची, "इथवर आलं व्हतं बघ. पिठाचा डबा भिजला माझा." डबा कुठल्या फळीवर होता ते बघितलं की पुराची उंची कळायची.

तिच्या स्वतःच्या घरातल्या म्हातारीला मात्र विचारायची सोय नव्हती. कारण मागची भिंत हे ठकूबाईंचंच काम होतं.

बंगला बांधताना गाडी थेट दारापर्यंत यावी म्हणून सासऱ्यांनी, हौशीरामनी, घर मागं सरकवलं होतं. मागं डोंगर होता, म्हणून डोंगर कापला. जेसीबीनं कापला तो उभा, पावाची लादी कापावी तसा. तो खाली येऊ नये म्हणून दगडाची भिंत घातली. गवंडी कुंडलिक समजूतदार होता. भिंतीच्या तळाशी त्यानं ओळीनं भोकं ठेवली, डोंगरातलं पाणी वाट काढून बाहेर पडावं म्हणून. पहिल्याच पावसात भोकांतून तांबडं पाणी गळायला लागलं आणि ते ठकूबाईंच्या नव्या पांढऱ्या फरशीवर पसरलं. धुणं धुवायची ती जागा. आयुष्यभर शेणामातीत काढलेल्या बाईला पहिल्यांदा पांढरी फरशी मिळाली होती. त्यांनी पावसाळाभर घासली. दुसऱ्या वर्षी कुंडलिकला बोलावलं आणि एकूण एक भोक सिमेंटनं बंद करून घेतलं. तेजस्विनी तेव्हा समृद्धीच्या बाळंतपणाला पेठेला माहेरी होती. आली तर मागचं अंगण लख्ख कोरडं. तान्ह्या मुलीचे कपडे वाळत घालताना तिलाही बरंच वाटलं होतं.

या वर्षी भिंतीला पोट आलं. तिनं ओळंबा सोडून बघितला, दोरी वर भिंतीला टेकायची ती मध्ये दगडावर चढायची.

"भिंतीचं पोट पुढं आलंय, आत्या," तिनं सासूला दाखवलं होतं.

"काय दिस गेलेत व्हय भिंतीला?" ठकूबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. बाळंतविडा कोण करणार, म्हणून शेजारच्या बयाबाईलाही सांगून आल्या.

पोटाखाली एक चीर होती. तेजस्विनीनं फोटोच्या जुन्या फ्रेमची काच कापून तिची पट्टी चिरेवर आडवी चिकटवली. भिंत जागची हलली तर काच तडकते, साधी युक्ती. आठवड्याच्या आत काच तडकली. आदेश म्हणाला, पोराचा, समर्थचा, बॉल लागला. समर्थ म्हणाला, मी तिकडं खेळतच नाही, मला तिकडं भीती वाटते. त्याला दोन्ही बाजूंनी बोलणी बसली. मग तिनं दुसरी पट्टी वरच्या चिरेवर, छपराच्या पन्हळीआड, जिथं बॉल जाऊच शकत नाही तिथं लावली.

आज सकाळी धुणं टाकायला गेली तर तीही दुभंगलेली होती.

"मागची दुसरी काच पण गेली," डब्याचं झाकण लावत ती आता म्हणाली. "विमा मिळाला नाही ते सोडून द्या. त्यांनी नाही का म्हटलं, ते तरी बघा. ती माणसं पैसे लावायला तयार नाहीत, आणि आपण तिथं पोरं झोपवतोय."

तेवढ्यात आदेशचा फोन वाजला. ओतूरचा एजंट चिमाजी होता. आदेशनं मुद्दाम आवाज मोठा केला.

"आदेशराव, टेन्शन न्हाई घ्यायचं. दुसऱ्या कंपनीत करून देतो. माणूस बी येणार न्हाई बघायला. फकस्त फोटो पाठवा, उन्हाळ्यातलं. आन् पुढनं काढल्यालं."

"पाठवतो भाऊ, आत्ता पाठवतो." फोन ठेवून आदेश तिच्याकडं वळला. तोंडावर असा आनंद, जणू पोरगी दहावी पास झाली. "घे. झाला विमा. आता तर मिटलं?"

"काय मिटलं?" तिचा आवाज चिरकला. "विमा म्हणजे काय ताईत आहे का हो, गळ्यात बांधला की झालं? भिंत आली तर भिंतीचे पैसे देतील. फरशीचे देतील. भिंतीखाली समर्थ असला तर कोण काय देणार आहे?"

"तेजू!"

"पाहुण्यांची पोरं असली तर?"

"बास." हौशीराम बाहेरच्या पडवीतून आत आले होते. खांद्यावरचं पोतं टपटप गळत होतं. "ते नाव ह्या घरात काढायचं न्हाई, सांगून ठेवलंय मी."

"मामा, मी कुठलंच नाव काढलं नाही."

नाव तिनं काढलं नव्हतं, पण सगळ्यांना ऐकू आलं होतं. माळीण गावावर डोंगर आला आणि गाव गाडलं गेलं तेव्हा इथून भाकरींची गाठोडी घेऊन जाणाऱ्यांत हौशीरामही होते. परत आले ते दोन दिवस जेवले नव्हते, असं ठकूबाईंनीच तिला सांगितलं होतं. आणि त्यानंतरच त्यांनी हा बंगला बांधला, हाच डोंगर कापून. हे एका माणसाच्या डोक्यात एकत्र कसं राहतं, हे तिला कधी उमगलं नाही.

"तो डोंगर निराळा," हौशीराम म्हणाले. "ह्यो आपला डोंगर हाय. माझ्या बापानं गुरं राखली ह्याच्यावर."

पूर, उतार, वारा, वीज, सगळ्याला तिच्याकडं शब्द होते. आपल्या डोंगराला नव्हता. तिनं हात जोडले. खरोखरच जोडले, पिठाचे हात.

"मामा, एवढं ऐका. कुंडलिकभाऊंना बोलवू. भोकं तरी मोकळी करू द्या. पाणी आत तुंबलंय, ते भिंतीला ढकलतंय."

"माझी फरशी," ठकूबाई म्हणाल्या, पण बारीक आवाजात.

"पाड भोकं," हौशीराम म्हणाले. "तेवढ्यानं तुझं समाधान व्हतंय ना? पाड. आन् मंग गप बसायचं."

ती कामावर गेली नाही. मुलांना शाळेत पोचवून येईपर्यंत कुंडलिक आला. डोक्यावर खताची रिकामी गोणी, हातात पहार आणि हातोडा. त्यानं भिंतीकडं बघितलं आणि तोंडातली तंबाखू थुंकायची तशीच राहिली.

"कधीपासनं हाय हे असं, वहिनी?"

"तू काम कर रं," आदेश म्हणाला.

पहिलं भोक मोकळं केलं, काही आलं नाही. दुसरं केलं, काही नाही. "बघ, आत पाणीच न्हाई," आदेश म्हणाला. तिसऱ्या भोकात कुंडलिकनं पहार घातली, हातोड्यानं आत ठोकत नेली, आणि आतून एक आवाज आला, म्हशीनं उसासा टाकावा तसा. पहारीच्या भोवतीनं पाणी उसळलं ते थेट धुण्याच्या दगडापर्यंत. गाळलेलं पाणी नव्हे. धिरड्याच्या पिठासारखं दाट, तांबडं, त्यात खडे, कुजकी मुळं. पांढरी फरशी बघता बघता झाकली गेली.

"निघालं!" आदेश ओरडला. "निघालं की! आता व्हईल मोकळं."

नितळ पाणी आलं असतं तर तिनंही देवाला नारळ फोडला असता. पण हे पाणी एकटं येत नव्हतं. डोंगराला बरोबर घेऊन येत होतं. ती कुंडलिककडं बघत राहिली. तोही तिच्याकडं बघत होता.

"पहार काढ," हौशीराम म्हणाले.

कुंडलिकनं पहार ओढली. पाय भिंतीला लावून ओढली. आदेशनं हात लावला. दोघांनी मिळून ओढली. घातली तेव्हा सैल गेली होती, आता तसूभर हलेना. आतल्या मातीनं जागा बदलून ती धरून ठेवली होती.

कुंडलिकनं हात पुसले. "राहू द्या," तो म्हणाला. "नेतो नंतर."

"आरं, चहा तरी घे."

"नगं." तो अंगणातून नाही, लांबून, कुंपणाला वळसा घालून गेला.

गवंडी मजुरी मागायची विसरेल, पण हत्यार टाकून जात नाही. हे त्या अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. मग हौशीराम म्हणाले, "पाऊस उघडला की बसंल सगळं," आणि बैलांना वैरण टाकायला निघून गेले. आदेशनं नळाला पाइप लावला आणि फरशीवरचा चिखल धुवायला लागला. धुतलेल्या जागेवर पुन्हा चिखल येत होता. तो पुन्हा धूत होता. शनिवारी पाहुणे यायचे होते. ठकूबाई दारात उभ्या होत्या. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खराटा हातात घेतला नव्हता.

तेजस्विनीला वाटलं, कोणीतरी सांगावं. नेहमी ती बघून यायची आणि पुण्यातलं कोणीतरी ठरवायचं. वाईट जागा बघितली की ती तसं कळवायची, स्कूटरला किक मारायची आणि घरी यायची. आज घरी येऊन झालं होतं. स्कूटर दारात होती आणि जायला दुसरं घर नव्हतं. मुलांना घेऊन पेठेला जाता आलं असतं. मग या दारात उभ्या असलेल्या म्हातारीचं काय? शनिवारच्या अनोळखी पोरांचं काय? या चिखलाशी झगडणाऱ्या मूर्ख माणसाचं काय, ज्याच्यावर आत्ता तिचा इतका राग होता की त्याच्यासाठी रडू येत होतं?

ती आत गेली. टीव्हीवर आदेशचा पाहुण्यांसाठीचा फोन ठेवलेला होता, तो उचलला. शनिवारी पाहुणी म्हणून येणार होती त्या बाईला फोन लावला, बोलली, ठेवला. मागच्या खोल्यांना एकेक करून कुलूप लावलं आणि किल्ल्या कमरेला खोचल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं शेगडीची नळी सोडवली, सिलिंडर ओट्याखालून ओढून काढला आणि गडगडत पुढच्या दाराशी आणला. रस्त्यापलीकडं, खालच्या मळ्यात, कांद्याच्या चाळीला लागून पत्र्याची शेड होती. तिथून डोंगर लांब होता.

सिलिंडरच्या आवाजानं आदेश पाइप घेऊनच पुढं आला. गोठ्यातून हौशीराम आले.

"हे काय चाललंय?" आदेश म्हणाला. "कुठं चालवलाय सिलिंडर?"

ठकूबाई मागून आल्या. त्यांच्या हातात तांदळाचा डबा होता.

"शनिवारी कोणी येणार नाही," तेजस्विनी म्हणाली. "डोंगर सरकतोय, असं मी त्यांना सांगितलंय. मागच्या खोल्यांना कुलपं घातलीत. आजपासून स्वयंपाक खालच्या शेडात. ज्याला जेवायचं असेल त्यानं खाली यायचं, आणि जेवल्यावर तिथंच झोपायचं. वर ताट येणार नाही."