नारळावरचा हात

घिवलीच्या जमनेला फसवायची कुणाची छाती होती? शिळा पापलेट ती दुरून ओळखायची आणि विकणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायची. पण केसाने गळा कापला तो घरच्याच माणसाने. थोरला दीर महादू, पाड्याचा पाटील!

करोनाची दुसरी लाट आली, तेव्हा पाड्यात बोलवा उठली की लस घेतलेला माणूस आठवडा काढत नाही. गुढीपाडव्याला महादूने सगळ्यांना देवळात जमवलं आणि मधोमध नारळ ठेवला.

"हात ठेवा. सुई कोनी टोचून घ्यायची नाय!"

नारळावर हात ठेवला म्हणजे शब्द दर्याला दिला, तिथे माघार नाही. पहिला हात महादूने ठेवला, मग जमनेच्या नवऱ्याने, हरेश्वरने, मग तिने.

लातूरकडची वैभवी सिस्टर दोनदा दारात येऊन विनवून गेली. हरेश्वर हळूच म्हणाला, "जमने, घेऊया का गं? बोईसरला सगली घेतात."

"नारलावर हात ठेवलाय ना!" जमना खेकसली. तिसऱ्यांदा सिस्टर आली, तर हिने तिच्या तोंडावर दार आपटलं.

वैशाखात हरेश्वर गेला. त्याचं तोंडसुद्धा कुणी तिला बघू दिलं नाही.

पावसाळ्यात बोटी बंद. जमना सुके बोंबील घेऊन कुंभवलीकडच्या एका कारखान्यावर गेली. तिथल्या कॅन्टीनला ओली मासळी महादूच पुरवायचा. घिवलीच्या महादूची भावजय म्हणून सांगितलं, तरी वॉचमनने तिला गेटवरच अडवलं.

"मौसी, बिना टीके के अंदर नहीं. आपके महादू सेठ ने तो अप्रैल में ही लगवा लिया."

जमना टोपली घेऊन तशीच माघारी फिरली. मेल्याने नारळावर हात ठेवला होता हो!

नारळी पौर्णिमेला महादू सजवलेला नारळ घेऊन किनाऱ्याकडे निघाला, तशी ती आडवी आली.

"भावजी, ठेवा हात. बोला, मी सुई घेतली नाय म्हनून."

ढोल थांबले. महादूने घाम पुसला. "कंपनी आत सोडत नव्हती, जमने. धंदा बुडाला असता."

"मग आमाला का अडवला?"

"अगो, सुईनं दोन-दोन दिस ताप येतो. सगली झोपली असती, तर माझ्या बोटीवर कोन गेला असता?"



"ताप तर तुमच्या भावाला आलाच ना, भावजी," जमना म्हणाली. "तापातच शेवटची मासली तुमच्या टेम्पोत भरून आला तो."