उलटा पुडा

किराणा दुकानात मुक्तानं बिस्किटांचे पुडे ओळीनं लावले होते. काउंटरवरच्या माणसानं त्यातला एक मुद्दाम उलटा केला. "मॅडम, आता गंमत बघा, कशी धावत येते!"

ऑटिझम असलेली मुक्ता हातातलं काम टाकून आलीच. सगळे खिदळले. तिला शिकवून इथे कामाला लावणारी मी तिथेच उभी होते.

मालक म्हणाले, "पोरगी गुणी आहे हो, पण कामं अर्धवट राहतात. पुढच्या महिन्यापासून नको."

किळस आली मला. नमस्कार करणं, गोंगाट सहन करणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, सगळं मी तिला शिकवलं होतं. या खिदळणाऱ्यांना शिकवायचं मात्र माझ्या यादीत कधीच नव्हतं.

पुडा सरळ करून मुक्ता मला म्हणाली, "ताई, यांना अजून नीट लावता येत नाही. शिकतील हळूहळू."