आठ अक्षरांपुरतं आडनाव

मला स्वतःची किळस आली, त्या आठवड्याबद्दल लिहायचं आहे. विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला. जमलं नाही.

मालवीय नगरातल्या एका लहान कंपनीत मी सर्व्हर सांभाळते. नवऱ्याची बँकेतून जयपूरला बदली झाली, मागोमाग मी आले आणि ही नोकरी धरली. कुणाला काय युझरनेम द्यायचं हा नियमही मीच केला. आधी आडनाव, मग नावाचं पहिलं अक्षर. इथली माणसं नावापुढे जी लावून हाक मारतात, आडनावाशी त्यांना देणंघेणं नसतं. पण मी पडले आडनावाने माणूस ओळखणाऱ्या मुलखातली, आणि माझंच खरं करण्याची खोड जुनी.

मग सोलापूरची एक मुलगी कामाला लागली. तिचं आडनाव माझंच. नातं काही नाही, पण ‘बहनें हो क्या?’ असं रोज कुणीतरी विचारायचंच. इंग्रजीत लिहिलं तर आमचं आडनाव बरोबर आठ अक्षरांचं. ती मला कामात मॅडम म्हणायची, डबा उघडला की ताई.

नव्या लोकांना मी लॉगिनच्या नोंदींचा इतिहास सांगते. मला तो आवडतो, आणि शहाणपणा मिरवायलाही मिळतो. पूर्वी एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर बरीच माणसं काम करायची. आत्ता कोण कुठे बसलंय हे कळावं, त्याला निरोप धाडता यावा, म्हणून एक छोटी फाइल होती. दुसऱ्या फाइलीत सगळ्यांची ये-जा साठायची. माणूस उठून गेला की त्याच्या जागेपुढे कोऱ्या नावाची नोंद पडायची. ती दुसरी फाइल यंत्र आपणहून तयार करत नसे. कुणीतरी हाताने रिकामी फाइल करून ठेवायची, नाहीतर यंत्र काहीच लिहीत नसे आणि तक्रारही करत नसे. नावाला जागा आठच अक्षरांची. आता फाइलीत पूर्ण नाव मावतं, पण यादी छापणारी आज्ञा जुन्या सवयीने अजून आठवर नाव तोडते. पूर्ण हवं तर वेगळं सांगावं लागतं. हे मी हसत हसत सांगायचे, आणि ती मुलगी वहीत लिहून घ्यायची.

शीतलाष्टमीला इथे सुट्टी. ऑफिसातली अर्धी माणसं चाकसूच्या जत्रेला गेलेली, बाकीची घरी आदल्या दिवशीचं थंड जेवण जेवत बसलेली. काम अडलं होतं म्हणून आम्ही दोघीच आलो. सर्व्हरवर जागा कमी पडत होती. मी जुनं फोल्डर उडवलं आणि दुसऱ्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी कळलं की एका गिऱ्हाइकाच्या फायली गायब आहेत, आणि त्यांची दुसरी प्रतही नाही. मॅनेजर म्हणाला, ‘कल सर्व्हर पे कौन था, लिस्ट दीजिए.’ मी आज्ञा दिली, कागद छापला, न बघताच त्याच्या हातात ठेवला. यादीत एकच आडनाव, चार वेळा; पुढचं नावाचं अक्षर तुटलेलं. कुठून लॉगिन झालं तो पत्ता ऑफिसात सगळ्यांचा एकच असतो. फायली गेल्या त्या वेळेवर त्याने बोट ठेवलं आणि सरळ त्या मुलीला बोलावलं. यादी देणारीवर कोण संशय घेणार?

मी वेळ वाचली. तेव्हा ती खाली जेवायला गेली होती. ते मी केलं होतं.

‘मी नाही केलं,’ ती म्हणाली. मॅनेजरने कागद तिच्यापुढे धरला. ‘लिस्ट झूठ बोलेगी क्या?’

एक वाक्य बोलायचं होतं मला. मी म्हटलं, ‘देखती हूँ.’ शी. कसलं देखती हूँ? सगळं दिसतच होतं की. पंचेचाळिशीत दुसरी नोकरी कोण देणार, नवऱ्याला काय सांगू, असल्या विचारांची गोधडी मी अंगावर ओढून घेतली आणि तीन दिवस तिच्या बाजूला बसून चहा प्यायले. तिसऱ्या दिवशी मॅनेजरने तिला राजीनामा लिहायला लावला. आपणहून गेलीस तर दाखला चांगला देऊ म्हणे. तिने सही केली.

चौथ्या दिवशी मी डबा उघडलाच नाही. पूर्ण नावांची यादी काढून मी मॅनेजरसमोर ठेवली आणि सांगितलं, मी केलं. तो हसला. ‘अरे मॅडम, आपसे हुआ? चलिए, हो जाता है.’ तीच चूक, तेच नुकसान. तिची नोकरी गेली आणि मला चहा मागवला. तो ओरडला असता तर त्याच्याबद्दल थोडा तरी आदर वाटला असता. तिला परत बोलवायचं असेल तर बोलवा, असंही म्हणाला, जणू खुर्ची हलवायची होती.

स्कूटर काढून मी जगतपुऱ्यात तिच्या फ्लॅटवर गेले. ती पुस्तकं खोक्यात भरत होती. दारातच मी सगळं सांगून टाकलं, आणि परत ये म्हटलं.

‘मला माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘यादी बघितली तेव्हाच. आठ अक्षरं. आणि वर तुम्ही एकट्याच होता.’

‘मग बोलली का नाहीस गं?’

‘तुमच्यासमोर तुमचं नाव कसं घेऊ? वाटलं, ताई सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील.’ तिने खोक्याला चिकटपट्टी लावली. ‘सही करतानासुद्धा मी तुमच्याकडेच बघत होते.’

मी तेव्हा तिच्याकडे पाठ करून प्रिंटरमध्ये कागद भरत होते.