वर्षाराणीचा फक्कीचा गोल

मी तमाशातला सोंगाड्या माणूस. राजाचा दरबार भरला की त्यात जाऊन खो घालायचा, हे माझं काम. गुडघे गेले आणि काम सुटलं, पण छबुबाईच्या फडाची गाडी हलली की अजून माझंही बूड हलतं.

त्या गाडीत मी तरुणपण घालवलं. सुग्रीव ड्रायव्हर तेव्हा नुकताच मिसरूड फुटलेला. घाटातलं वळण आलं की तो ओरडायचा, "धराऽऽ!" आणि प्रधानापासून गवळणीपर्यंत सगळे हाताला लागेल ते धरायचे. कुणी फळी, कुणी दोरी, कुणी शेजाऱ्याची गचांडी. गाडी कलायची, आमचे देव पाण्यात. वळण संपलं की हशा. भीतीवर हसायला आम्ही तिथंच शिकलो.

ती गाडी थकली. यंदा छबुबाईनं नवी चासी घेतली आणि तिच्यावर बॉडी बांधायला चौसाळ्याला अमरनाथच्या शेडमध्ये टाकली. एक बाजू उघडली की स्टेज व्हावं, आणि पुढच्या भागात चौदा माणसं बसावीत, अशी उंच गाडी. तिथं अमरनाथची बहीण वर्षाराणी भेटली.

किराणा दुकानदार बसप्पांची ही लेक. लहानपणी बापाच्या टेम्पोत पोत्यांवर बसून पाटोद्याच्या बाजाराला जायची. वळणावर पोती एका अंगाला सरकायची आणि ती विचारायची, "आण्णा, पोत्याला कोण ढकलतंय?" बसप्पा म्हणायचे, "गप बस, न्हाईतर तुला ढकलीन." उत्तर शोधत ती इंजिनियर झाली. पुण्याच्या कंपनीत सहा-सात वर्षं तिनं हेच केलं. गाडी आधी कंप्युटरवर बांधायची, तिथंच वळवायची, कुठं कलते ते बघायचं, मग रस्त्यावर नेऊन ताळा घ्यायचा. पुढं भावानं शेड टाकली आणि ती परत आली. बसप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे, "माझी पोरगी गाडी चालवती, पर डिझेल लागत न्हाई."

छबुबाईची गाडी हे तिचं इथलं पहिलं काम. कंप्युटरवर तिनं ती घाटातून किती वेळा उतरवली, देव जाणे. मला दाखवायची, "काका, हे आतल्या अंगाचं चाक बघा. वळणावर ह्याचं वजन कमी व्हतंय. पार संपलं की गाडी पलटी." तिनं स्प्रिंगचे पाटे बदलले, खाली दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा घातला. पडद्यावर गाडी सरळ राहू लागली.

मग रस्त्याची पाळी. बाजाराच्या मोकळ्या मैदानात तिनं चुन्याच्या पांढऱ्या फक्कीनं मोठा गोल आखला. माणसांच्या जागी वाळूची पोती. फडाच्या पोरांना म्हणाली, "तुमचं सामान जागच्या जागी ठिवा." सुग्रीव पट्टा बांधून बसला. गोलावरून गाडी फिरू लागली, दर फेरीला थोडी जोरात. कठड्यावर अर्धं गाव. मला तर पडदा उघडल्यासारखं वाटलं.

वर्षाराणीचा चेहरा मात्र पडला. हात करून तिनं गाडी थांबवली. कंप्युटरच्या पडद्यावर कलली होती त्यापेक्षा गाडी कितीतरी जास्त कलत होती.

"गाडी देत न्हाई, मावशी," ती म्हणाली.

छबुबाई उसळली. "उमापूरची जत्रा तोंडावर आली! सुपारी घेतलीया मी. कावून देत न्हाईस?"

"चौदा माणसं हायती आत. घाटात पलटी झाली तर?"

"मग दुसरा मिस्तरी बघते."

छबुबाई बोलली की करते. वर्षाराणी आकडे तपासत बसली, पुन्हा पुन्हा, आपलंच चुकलं असं धरून. शेवटी टपावर बसवलेलं, गाडीचा कल मोजायचं यंत्र सैल झालं का ते बघायला शिडीनं चढली. फडाच्या नावाची उंच पाटी खालून सगळं झाकत होती. वर गेली आणि तिथंच उभी राहिली.

"मावशी, हे वर काय?"

"वाद्यं. जागच्या जागी हायती."

छबुबाईची आई फड चालवायची तेव्हापासून आमची रीत आहे. वाद्यावर कुणाचा पाय जायचा नाही, म्हणून वाद्यांची पेटी टपावर. वर्षाराणीनं ती कंप्युटरमध्ये मागच्या खणात, खाली धरली होती. तिनं विचारलं नव्हतं, आम्हाला सांगावंसं वाटलं नव्हतं. देव्हारा कुठं आहे हे कुणी सांगतं का?

ती खाली आली. "तुमच्या आईच्या येळी पेटीत काय असायचं?"

"ढोलकी, हलगी, तुणतुणं, टाळ."

"आन आता?"

"ते हायच. शिवाय साउंडचे डबे, अ‍ॅम्प्लिफायर, बॅटऱ्या."

"बॅटऱ्या बी वाद्य?"

"त्यांच्याबिगर वाजतंय का काय? दसऱ्याला हळदकुंकू लावतो आमी त्यांना!"

मी हसलो. छबुबाई माझ्यावर डाफरली, "राधाकिशन, दात काढू नको बे." पण तीही टपाकडं बघत राहिली. आईच्या काळी एक माणूस वर चढवायचा ती पेटी. आता चौघं लागतात.

वर्षाराणीनं रीत मोडा म्हटलं नाही. विचारलं, "वाद्यावर पाय जाऊ न्हाई, एवढंच ना? डोक्याच्या वरच पायजे, असं तर न्हाई?"

छबुबाईनं आईचे शब्द मनात घोळवून पाहिले. "...तसं न्हाई."

मग ड्रायव्हरच्या मागं, जिथून कुणाची वाट नाही, तिथं गुडघाभर उंचीचा ओटा झाला. पेटी त्यावर. पाय तिच्या खालीच राहतात. साउंडचे डबे आणि बॅटऱ्या मात्र गाडीच्या तळफळीखाली, दोन चाकांच्या मधे गेल्या. "हळदकुंकू खाली बसून लावा," वर्षाराणी म्हणाली. टपावर पेटी बांधायच्या कड्या तिनं कापायला लावल्या. "एक तरी ऱ्हाऊ दे गं, अडीअडचणीला," छबुबाई अजिजीनं म्हणाली. "न्हाई मावशी. कडी ऱ्हायली की वज्जं वर जातंय."

पुन्हा फक्की, पुन्हा गोल. या वेळी पडदा आणि मैदान एकच सांगत होते.

शेवटी घाट. पोती उतरली, आम्ही बसलो, वर्षाराणी आमच्यात. मोठं वळण आलं आणि सुग्रीव सवयीनं ओरडला, "धराऽऽ!" सगळ्यांनी धरलं. माझा हात त्या ओट्याच्या कडेला. गाडी जराशी झुकली आणि सरळ झाली. आम्ही हात तसेच धरून एकमेकांची तोंडं बघत राहिलो.

"कावून वरडलास रे?" छबुबाई म्हणाली, आणि गाडीभर हशा पिकला.

वर्षाराणी हसली नाही. हातातल्या यंत्रावरचा आकडा बघून ती पुढं वाकली. "सुग्रीवकाका, वरडायचं सोडू नका. वरडताना तुमचा पाय बिरेकवर जातोय. त्ये बी मी हिशोबात धरलंय."